पाण्याची जीभ

भूपालनं मला ‘मॅडम’ म्हटलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तो तयारीनं आलाय.

“मॅडम, नकाशावर ही जी जीभ काढलीय तुम्ही,” तो म्हणाला, “ती नेमकी कुणाच्या तोंडातली?”

सगळं सभागृह हसलं. बोरखडी नगरपरिषदेच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. खिडक्यांच्या गजांना धरून बाहेरूनही लोक आत बघत होते. पूररेषेवरच्या हरकतींची सुनावणी होती. मी नकाशा लावलेल्या फळ्याशेजारी उभी होते आणि माझ्यासमोर हातात माईक घेऊन उभा होता माझा सख्खा धाकटा भाऊ. जन्मात त्यानं मला आक्काशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

“जीभ पाण्याची आहे,” मी म्हणाले. “मागच्या पुराची.”

“पाण्याला जीभ असती होय? मग बोलावा की त्यालाच. साक्ष दील.”

पुन्हा हशा. मधल्या टेबलामागं बसलेले प्रांतसाहेब, देशमाने, हातातल्या पेनानं टेबलावर टकटक करत राहिले.

या कामात मला देशमान्यांनीच ओढलं होतं. मी पुण्यात गणित शिकवते. विखुरलेले ठिपके एका अखंड रेषेत ओवता येतात का, येत असतील तर किती लांबीच्या रेषेत, आणि ओवता येत नसतील तर का नाही, हा माझा अभ्यासाचा विषय. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी विषय बदलते, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा कसनुसा होतो. पण देशमान्यांनी फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही आम्हाला हव्याच आहात. शिवाय गावही तुमचंच.” भूपालला केवढा आनंद झाला होता. त्यानं स्टँडसमोर फ्लेक्स लावला, ‘बोरखडीची सुकन्या डॉ. हेमांगी मगदूम’, आणि त्यावर कुणाच्या तरी लग्नातला माझा नथ घातलेला फोटो.

पूर ओसरल्यावर कॉलेजची मुलं गल्लोगल्ली फिरली होती. पाणी कुठवर आलं होतं ते विचारून त्यांनी भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, आणि मोजणीवाल्यांनी तो नकाशावर घ्यायचा. असा सगळा गाव ठिपक्यांनी भरला. सरकारच्या सल्लागारांनी त्यातून एक छान गोलसर रेषा काढली, नदीला समांतर, डोळ्याला गोड वाटेल अशी. बहुतेक ठिपके तिच्या आसपास बसले. बसले नाहीत ते मळ्याच्या बाजूचे. तिथं नदीपासून लांब, पार गावाच्या मागच्या अंगाला, ठिपक्यांचा एक सांडलेला पसारा दिसत होता. सल्लागारांनी त्यावर शेरा मारला होता, ‘चुकीच्या नोंदी’.

मी तो पसारा वर्तुळांनी तपासला. मोठं वर्तुळ काढलं की आतले ठिपके सांडल्यासारखेच दिसत. पण वर्तुळ लहान केलं की आतले ठिपके एका अरुंद पट्टीत मावत. आणखी लहान केलं की आणखी अरुंद पट्टीत. खरोखर विस्कटलेले ठिपके कितीही जवळून पाहिले तरी विस्कटलेलेच राहतात. हे तसे नव्हते. इथं एक रेषा आत जात होती आणि तिच्याच शेजारून दुसरी परत येत होती. पाणी मळ्यातून गावात शिरलं होतं, लांब, निमुळतं.

तिथं पूर्वी ओढा होता. त्यात मुरूम टाकून, सपाट करून, प्लॉट पाडले होते. पाडणारे दोघं: नगरसेवक बाबगोंडा चौगुले आणि भूपाल मगदूम.

अडचण एवढीच होती की दोन्ही रेषा जिथं एकमेकींना मिळायला हव्यात, त्या टोकाला एकही ठिपका नव्हता. आणि नियम असा, की मध्ये मोठी फट असेल तर रेषा पुढं न्यायची नाही. टोकाला एक खूण सापडली तर जीभ पुरी होत होती. नाही सापडली तर सगळा भाग चुकीच्या नोंदीत जमा. त्या फटीत एकच घर होतं. आमचं.

म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी मी घरी गेले होते.

घराला नवा रंग होता. आतून-बाहेरून, स्वयंपाकघराच्या भिंतींनासुद्धा, फिकट पोपटी.

“रंग कधी दिलास?” मी भूपालला विचारलं.

“पूर गेला की. चिखलात राहायचं काय आम्ही?”

“म्हणजे चिखल होता घरात.”

“अंगणात होता.”

आई ताटं वाढत होती. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. आण्णा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं तो नेम मोडला नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाली, “जेवा आधी. दिवस चाललाय.”

“आई, पुराच्या दिवशी तू मला फोन केला होतास.”

“आमटी घे.”

“ओट्यावर पाणी आलंय म्हणालीस. पिठाचे डबे तरंगायलेत म्हणालीस. भूपालला फोन लागत नाही म्हणून रडत होतीस.”

“आक्का,” भूपाल म्हणाला, “जेवताना आईला छळू नको.”

जेवण झाल्यावर तो मला अंगणात घेऊन गेला. तो चिडलेला नव्हता, ते वाईट होतं. तो मला समजावून सांगत होता.

“त्या प्लॉटवर कोण राहतंय बघितलंस? शाळामास्तर, कंडक्टर, दूधसंघातली माणसं. जन्मात एकदा घर बांधत्यात ती. तू रेघ मारलीस की बँक दारात उभं करायची न्हाई. विकायला काढलं तर कुत्रं विचारायचं न्हाई. सरकार त्यांना दुसरी जागा देणार हाय? विचारलंस तुझ्या साहेबाला?”

“विचारलं. नाही म्हणाले.”

“मग? तुझ्या रेघेला बघून पाणी थांबणार हाय?”

“पाणी थांबणार नाही. पण रेषेच्या आत असलं की धोक्याचा भोंगा बसतो. बोट ठरलेली असते. माणसं वेळेवर निघतात.”

“बोट!” आता त्याचा आवाज चढला. “मागच्या पुरात कुठली बोट आलती? मी गेलतो. गूळ आटवायची मोठी काहील पाण्यात सोडून, तिच्यात बसवून माणसं काढलीत मी. पोरं, म्हाताऱ्या, एक बाळंतीण. तू पुण्यात टीव्ही बघत होतीस.”

ते खरं होतं. त्या दिवशी त्यानं खरोखर कितीतरी जणांना वाचवलं होतं. आणि तेवढा वेळ आई घरात एकटी, पाण्यात उभी होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या अंगणात ते कुणी बोललं नाही.

“उद्या गप बस,” तो म्हणाला. “फट हाय म्हण आणि सोडून दे. एवढंच कर.”

मी गप्प बसले नाही. म्हणून आता तो मला मॅडम म्हणत होता.

त्याच्या हातातला माईक चौगुल्यांनी घेतला. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आवाज सावकाश.

“बाई, मी अडाणी माणूस. पण रेघ कशी, सरळ असती. साहेबांच्या माणसांनी काढलीय तशी. तुमची ही रेघ दारू पिऊन चालल्यासारखी दिसतीय.”

“पाणी सरळ चालत नाही, चौगुले. रेषेला त्याच्या मागून जावं लागतं.”

“पाण्याच्या न्हाई, पोरांच्या मागनं गेली ती. ठिपके कुणी मारले? पोरांनी. काय कळतंय पोरांना? चुकून मारले असतील.”

“एखादा चुकेल. दहा चुकतील. पण चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत.”

एवढ्या वेळात पहिल्यांदा हॉल शांत झाला. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई उठली. विमल कोरे, प्लॉटवर राहणारी अंगणवाडीची बाई. तिला माईकची गरज नव्हती.

“आमच्या घरावर रेघ मारताना तुमचा हात कसा धजला हो? मंगळसूत्र मोडून पाया भरलाय आम्ही. तुम्हाला कागदावर ठिपका दिसतोय, आमचा तिथं देव्हारा हाय, पोरांचा पाळणा हाय. आम्ही मागितलीवती का तुमची रेघ?”

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे त्या जिभेच्या आत राहणारे होते. ज्यांच्यासाठी मी भांडत होते तेच मला खाऊ की गिळू करत होते, आणि मला त्यांचा राग येत होता, हेही सांगायला हवं.

देशमान्यांनी हात वर केला. “डॉक्टर, मला एकच सांगा. टोकाला ठिपका नाही, हे बरोबर?”

“ठिपका नाही. पाणी होतं.”

“कशावरून?”

“ते माझं घर हाय, साहेब,” भूपाल मध्येच म्हणाला. “माझ्या घरात पाणी आलं नव्हतं. संपला विषय.”

“तू घरात नव्हतास,” मी म्हणाले. “तू काहील घेऊन गेला होतास. घरात आई होती.”

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. देशमाने खुर्चीत पुढं झाले.

“आजी आल्यात का?”

आई आली होती. पार मागं, भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. ती उठली. माणसं बाजूला झाली. माझी आई पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. अंधारात चूल पेटवत नाही, एखादा किडा जळेल म्हणून. पायाखाली मुंगी आली तर दिवसभर मनाला लावून घेते. तिच्या तोंडून खोटं मी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी आम्ही तिला पाहुण्यांना ‘आण्णा घरात नाहीत’ असं सांगायला सांगायचो, तर ती तेही सांगत नसे. आत निघून जायची.

“आजी, पुराचं पाणी तुमच्या घरात आलं होतं?”

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. भूपालकडंही नाही. ती नकाशाकडं बघत होती. त्यातलं तिला काय कळलं कुणास ठाऊक.

“न्हाई,” ती म्हणाली. “पायरीला लागून गेलं.”

“आई.” मी फळा सोडून पुढं झाले. “तू मला फोन करून काय सांगितलंस?”

“कुठला फोन?”

“आई!”

“मी फोन केला न्हवता.”

मग जो गलका झाला त्यातलं मला तुटक आठवतं. “जन्म दिला तिलाच खोटं पाडती!” “घ्या, शिका पोरींना!” मागून एक चप्पल आली, नकाशाच्या फळ्यावर आपटली आणि माझ्या पायाशी पडली. देशमाने टेबल वाजवत होते. चौगुले हसत नव्हते. त्यांना त्याची आता गरज नव्हती. भूपालनं पुढं होऊन आईचा दंड धरला आणि तिला गर्दीतून बाहेर काढायला लागला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

“डॉक्टर, आणखी काही सांगायचंय?” देशमान्यांनी विचारलं.

“नाही.”

सल्लागारांची गोलसर रेषा मंजूर झाली. मी अहवालावर सही केली नाही.

बाहेर भूपाल आईला मोटरसायकलवर बसवत होता. मी जवळ गेले तर आई म्हणाली, “तू पुण्याला जा.” भूपाल म्हणाला, “आणि परत आमची पायरी चढू नको.”

मी चढले नाही. आधी राग होता, मग सवय झाली. मी फोन केला तर आई उचलत नसे. सणाला भूपालच्या बायकोच्या फोनवरून एखादा निरोप यायचा, बरी आहे म्हणून. मळ्यातल्या प्लॉटवर वरचे मजले चढले. बँकांनी कर्जं दिली. काही वर्षं पाऊस बेताचा झाला, आणि मला सांगायला लाज वाटते, पण प्रत्येक पावसाळ्यात मी धरणातल्या पाण्याचे आकडे बघत राहायचे आणि मला नक्की काय व्हायला हवंय ते माझं मलाच कळायचं नाही.

मग ज्या वर्षी व्हायचं ते झालं. भर दुपारी, मी वर्गात असताना, भूपालचा फोन आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

“आली तुझी जीभ,” तो म्हणाला. “जशीच्या तशी. झालं समाधान?”

“आई कुठं आहे?”

“बस्तीत.” बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, गावातली सगळ्यात उंच जागा.

“आणि प्लॉटवरची माणसं?”

“तीबी तिथंच हायत. सगळी.” मागं पावसाचा आणि माणसांचा आवाज येत होता. “परवा भोंगा बिंगा काही वाजला न्हवता. आम्ही रेघेच्या बाहेर न्हवं का! नदी अजून काठात होती. तर आई उठली आणि प्लॉटवर दारोदार फिरली. निघा म्हणून. लोक हसली. मी हाताला धरून आणाय गेलो, तर रस्त्यात बसली पावसात. सगळी निघंपर्यंत उठणार न्हाई म्हणाली. म्हातारी मरंल दारात, ह्या भीतीनं गेली लोकं बस्तीत. काल पहाटं पाणी शिरलं. आता खिडकीच्या वर हाय.”

“आईला फोन दे.”

“घेणार न्हाई ती,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

रस्ते बंद होते. मी पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं. शेवटचा टप्पा ट्रॅक्टरवर उभं राहून गेले. बस्तीच्या सभामंडपात संसार मांडले होते. ओल्या गोधड्या, पातेली, रडणारी पोरं. भूपाल खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा होती. कुणी त्याच्याजवळ बसायला तयार नव्हतं. त्याच्या शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. कुणी फाडला ते मी विचारलं नाही.

आई कोपऱ्यात हंड्याच्या तोंडाला कापड बांधून पाणी गाळत होती आणि गाळलेलं पाणी लोकांना तांब्यानं देत होती. ती किती लहानखुरी झाली होती. मला बघून तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

तिच्याजवळ पोचायच्या आधीच विमल कोरेनं मला अडवलं. हातात पाण्याचा पेला, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळलेली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग एवढ्यावर का सोडलंत? बोंबलायचं होतं. कोर्टात जायचं होतं, मंत्र्याच्या दारात बसायचं होतं. चार माणसं ओरडली म्हणून तोंड बंद करून निघून गेलात? तुमचं काय गेलं? आमचं सगळं गेलं.”

आजूबाजूची माणसं उठून जवळ आली. तेच चेहरे, थोडे म्हातारे झालेले. पुढच्या ओळीतला एक जण मला त्या हॉलमधला आठवला. तो तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसला होता. आताही तो तेवढ्याच तावात होता. “शिकलेल्या माणसांची जातच अशी,” तो म्हणाला. “अंगावर आलं की पळत्यात.”

“तुम्हीच मला तेव्हा...” मी सुरुवात केली.

“तिला काय बोलू नका.”

आई उठली नव्हती. बसल्या जागेवरून, तांब्या खाली ठेवून, ती बोलत होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माणसं वळली.

“त्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या कमरेएवढं. मी साहेबासमोर न्हाई म्हणाले. खोटं बोलले.”

“आई, गप,” भूपाल खांबापासून म्हणाला.

“गपच बसले होते की.”

विमल तिच्याकडं गेली. “का, आजी?”

“ह्याचे प्लॉट बुडाले असते.” आईनं भूपालकडं नुसती मान केली. “माणसांना काहिलीतनं काढून आला, तर घरात मी पाण्यात. किती दिवस झोपला न्हाई त्यो. त्यात आणि त्याच्यावरच सगळं यायचं. मला बघवलं न्हाई.”

“आणि आमची पोरं बुडाली असती म्हणजे?”

“म्हणून तर आले ना सांगायला.”

“इतक्या वर्षांनी?”

“दर पावसाळ्यात रोज घाटावर जाऊन पाणी बघून येत होते मी. एक दिवस चुकवला न्हाई.”

ती हे स्वतःच्या बाजूनं म्हणून सांगत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. मला वाटलं विमल रडेल, किंवा वाकून आईचे हात धरेल. शेवटी या म्हातारीनं तिची पोरं वाचवली होती. विमल दाराशी गेली, पेल्यातलं पाणी बाहेर चिखलात ओतलं, आणि पेला आईसमोर पालथा घालून ठेवला. मग तिनं आपली गोधडी उचलली आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. तिच्यामागून आणखी एक बाई गेली. मग आणखी काही.

पुढं हिवाळ्यात नवी रेषा निघाली, तिच्यावर माझी सही आहे. प्लॉटवाल्यांनी भूपाल आणि चौगुल्यांवर दावा लावला, तो अजून चालू आहे. चौगुले निवडून येतात. भूपाल शेती करतो, आणि आमच्या दोघांत कामापुरतं बोलणं होतं, त्यापेक्षा जास्त नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी बस्तीत आईच्या कोपऱ्याकडं पुन्हा कुणी फिरकलं नाही. बाहेर टँकर आला तेव्हा लोक भांडी घेऊन तिकडं गेले. दिवस कलायला लागला तशी आईनं हंड्यावरचं कापड सोडलं, पिळलं, झटकलं, आणि सकाळचं पाणी दुसऱ्या हंड्यात नव्यानं गाळायला घेतलं. गाळून फार वेळ झाला की पुन्हा गाळावं लागतं, असा तिचा नियम.

“कशाला दमतीस?” भूपाल म्हणाला. “कोण पिणार न्हाई आता ते.”

“न पिऊ देत,” आई म्हणाली. “गाळलेलं असू दे.”